हात थरथरतो, शिक्का थरथरत नाही

कुणी भाजी निवडत, कुणी लेकराला मांडीवर थोपटत ऐकायला बसल्या असाल. आज आम्ही तुम्हाला लांबच्या देशात नेणार आहोत, जपानला. पण निघायचं आहे ते आपल्याच बँकेच्या खिडकीपासून.

झालं असं, की मागे एका ताईंचा आम्हाला फोन आला. ताई साठीच्या पुढच्या. साक्षरता वर्गात पाटीवर गिरवून गिरवून सही शिकल्या आणि आता गटाच्या खात्यावर त्यांची सही चालते. त्या दिवशी पैसे काढायला गेल्या, तर खिडकीतून स्लिप परत आली. ‘सही जुळत नाही.’ पुन्हा केली, पुन्हा परत. तीन वेळा केली, तर तिन्ही सह्यांच्या तीन तऱ्हा. मागे रांगेतले लोक चुळबुळ करायला लागले. ताई आम्हाला म्हणाल्या, “अगं, हात थरथरतो माझा. दर वेळी सारखं अक्षर कुठून आणू? त्यापेक्षा अंगठा बरा होता. माझा भाचा सांगतो, जपानात म्हणे सही करतच नाहीत, शिक्का मारतात. खरं का ते? मग आपल्याकडे का नाही तसं?”

प्रश्न आम्हाला फार आवडला. आम्ही शोधाशोध केली, वाचलं, एकमेकींना विचारलं. भाच्याचं म्हणणं बरंचसं खरं निघालं. पण त्या शिक्क्याच्या मागे जी गोष्ट निघाली, ती ऐकली की ताईंनाही कदाचित आपली थरथरती सही पुन्हा बरी वाटेल.

शेताच्या पाटात सापडलेलं सोनं

गोष्ट सुरू होते शेतातच. १७८४ साली जपानच्या दक्षिणेकडच्या शिका नावाच्या बेटावर एक शेतकरी भातखाचराचा पाट दुरुस्त करत होता. खणताना त्याला सोन्याचा एक चौकोनी ठोकळा सापडला. बाजू सव्वादोन सेंटिमीटरच्या आसपास, वजन १०८ ग्रॅम, म्हणजे आताच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने जवळपास अकरा तोळे. वर धरायला वेटोळं घातलेल्या सापाची मूठ आणि खाली पाच अक्षरं कोरलेली. तो शिक्का होता. चीनच्या सम्राटाने इसवी सन ५७ मध्ये जपानातल्या ‘ना’ नावाच्या छोट्या राज्याच्या राजाला तो पाठवला, असं जाणकार मानतात. आज तो जपानच्या फुकुओका शहरातल्या संग्रहालयात ठेवला आहे.

त्या काळी असा शिक्का कागदावर मारत नसत. लिहिलेल्या पट्ट्या दोरीने बांधायच्या, गाठीवर ओली माती थापायची आणि मातीत शिक्का दाबायचा. माती फुटलेली दिसली, की कुणीतरी मधेच उघडून वाचलं हे कळायचं. म्हणजे ‘हे मीच पाठवलं आहे आणि मधे कुणी हात घातलेला नाही’ एवढं सांगणं, हेच शिक्क्याचं पहिलं काम.

जपानकडे तेव्हा स्वतःची लिपी नव्हती. अक्षरं आली चीनमधून, कोरियाच्या वाटेने. मग बौद्ध धर्म आला आणि त्याच्यासोबत पोथ्या आल्या. पोथी हाताने उतरवून काढणं हे पुण्याचं काम मानलं जाऊ लागलं. त्यातून कुंचल्याने सुंदर लिहिण्याची विद्या वाढली. तिला जपानी लोक ‘शोदो’ म्हणतात. शो म्हणजे लिहिणं आणि दो म्हणजे वाट.

‘फुजिवारांची तिसरी मुलगी’

आता एका बाईला भेटू या. आठव्या शतकात कोम्यो नावाची सम्राज्ञी होऊन गेली. फुजिवारा या बड्या घराण्याची ती लेक. तिने ७४४ साली स्वतःच्या हाताने उतरवलेला एक चिनी लेख आजही नारा शहरातल्या शोसोइन या जुन्या भांडारात जपून ठेवला आहे. अक्षर ठसठशीत, जोरकस. आणि लेखाच्या शेवटी तिने काय लिहिलं? ‘सम्राज्ञी’ नाही, ‘सम्राटाची पत्नी’ नाही. तिने लिहिलं, ‘फुजिवारांची तिसरी मुलगी’. गादीवर बसलेली बाई सही करते ती माहेरच्या नावाने!

तिने लिहिलेल्या दुसऱ्या एका लेखावर लाल शिक्के उमटवलेले आहेत. त्या शिक्क्यातल्या अक्षरांचा अर्थ ‘सत्कर्म साठवणारं फुजिवारा घराणं’. म्हणजे बाराशेहून अधिक वर्षांपूर्वी एका बाईच्या कागदावर तिचं हस्ताक्षरही आहे आणि घराण्याचा शिक्काही आहे. हात आणि ठसा, आपल्या गोष्टीतल्या दोन्ही वाटा तिथे एकत्र दिसतात.

बायकांचा हात

चिनी अक्षरं अवघड. एकेका शब्दाला एकेक चित्रासारखं अक्षर, अशी हजारो. ती शिकवली जायची मुख्यतः पुरुषांना. सरकारी कारभारही त्यातच चालायचा. पण बोली जपानी, आणि अक्षरं परक्या भाषेची, मग मनातलं लिहायचं कसं? हळूहळू काही चिनी अक्षरं घाईने, वळवून लिहिता लिहिता त्यांची सोपी, गोलसर रूपं तयार झाली. एका आवाजाला एक अक्षर. या लिपीला ‘काना’ म्हणतात. आपल्या काना-मात्रेतला काना नव्हे बरं का! तिच्या गोलसर रूपाला आज ‘हिरागाना’ म्हणतात, पण त्या काळी तिचं नाव होतं ‘ओन्नादे’. ओन्ना म्हणजे बाई आणि दे म्हणजे हात. ‘बायकांचा हात’.

नाव जरा हिणवल्यासारखंच होतं. पण झालं काय? याच लिपीत अकराव्या शतकाच्या सुरुवातीला मुरासाकी शिकिबु या बाईने ‘गेन्जीची कथा’ लिहिली. जगातल्या सर्वांत जुन्या कादंबऱ्यांत तिचं नाव घेतात. त्याच सुमारास सेइ शोनागोन या दुसऱ्या बाईने दरबारातल्या रोजच्या गोष्टींची नोंदवही लिहिली. त्यांच्याही आधी, दहाव्या शतकात, कि नो त्सुरायुकी नावाच्या एका कवीने आपल्या प्रवासाची रोजनिशी चक्क बाईच्या नावाने लिहिली, कारण त्याला मनातलं लिहायला ‘बायकांचा हात’च हवा होता. आज जपानातलं प्रत्येक मूल शाळेत पहिल्यांदा शिकतं ती हीच लिपी.

आणि यात आपलाही एक धागा आहे. आताचं जपानी मूल ही अक्षरं पाठ करतं ती अशी: आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ओळखीचं वाटतं ना? आपल्या बाराखडीसारखाच आधी स्वर, मग क, त, न, म, य, र, व असा क्रम. हा योगायोग नाही. बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांसाठी ‘सिद्धम्’ नावाची भारतीय लिपी शिकत होते. नवव्या शतकात कुकाइ नावाचा भिक्षू चीनमध्ये जाऊन ती शिकून आला. सिद्धम् आणि आपली देवनागरी एकाच ब्राह्मी लिपीच्या वंशातल्या. त्या अभ्यासातूनच जपानी अक्षरांना आपल्यासारखा क्रम मिळाला. सिद्धम् अक्षरं आजही तिथल्या मंदिरांत कुंचल्याने लिहिली जातात.

हा कुकाइ फार मोठा हस्ताक्षरकार. त्याला ‘कोबो’ असंही म्हणतात. सांगतात, की एकदा राजवाड्याच्या दरवाजावरची पाटी त्याने लिहिली. पाटी वर चढवल्यावर लक्षात आलं, की एका अक्षराचा ठिपका राहिला. मग त्याने खालूनच कुंचला भिरकावला आणि ठिपका जागेवर बसवला! ही झाली दंतकथा. पण तिच्यावरून म्हण पडली, ‘कोबोच्याही कुंचल्याची चूक होते.’ ताई, ऐकताय ना?

काजळ, सरस आणि कागद

या लिहिण्याला चार वस्तू लागतात. कुंचला, शाईची वडी, वडी उगाळायचा दगड आणि कागद. शाई कशी करतात ते ऐकून तुम्ही म्हणाल, हे तर आमच्याच घरातलं. तेलाचा दिवा लावायचा, वर झाकण धरायचं आणि साठलेलं काजळ खरवडायचं. किंवा पाइनचं लाकूड जाळून काजळी धरायची. त्यात जनावराच्या कातड्यापासून केलेला सरस घालून कणीक मळावी तसं मळायचं, साच्यात दाबायचं आणि महिनोन्‌महिने वाळवायचं. नारा शहर या वड्यांसाठी शतकानुशतकं प्रसिद्ध आहे. लिहायच्या वेळी दगडावर पाण्याचे थेंब घालून, सहाणेवर चंदन उगाळतो तशी वडी उगाळायची. उगाळता उगाळता मनही शांत होतं, असं लिहिणारे सांगतात.

कुंचल्यांची गोष्टही गटांनी ऐकण्यासारखी आहे. हिरोशिमाजवळ डोंगरात कुमानो नावाचं गाव आहे. जमीन थोडी, त्यावर पोट भरत नसे. म्हणून दीडदोनशे वर्षांपूर्वी तिथले शेतकरी सुगी संपली की लांब मजुरीला जात. परतताना नारा भागातून कुंचले आणि शाई विकत घेत आणि वाटेतल्या गावांतून विकत विकत घरी येत. पुढे गावातल्या काहींनी कुंचले बनवण्याची कला शिकून घेतली आणि गावाला शिकवली. आज जपानातले बहुतेक कुंचले या एका गावात बनतात. आता तर तोंडाला पावडर लावायचे त्यांचे ब्रशही जगभर जातात. विकता विकता बनवायला शिकले, ही खरी कमाई.

लिहिण्याचा नियम मात्र कडक. एकदा ओढलेली रेघ पुन्हा गिरवायची नाही. शाई ओसरली तर ओसरू द्यायची, रेघ जाड-बारीक झाली तर होऊ द्यायची. लिहिणाऱ्याचा श्वास, घाई, वय, सगळं त्या रेघेत दिसतं आणि दिसावं अशीच अपेक्षा असते. नव्या वर्षाच्या २ तारखेला घरोघरी वर्षाचं पहिलं अक्षर लिहितात. शाळेत तिसरीपासून मुलांच्या हातात कुंचला देतात.

शिक्का कुणाचा, सत्ता त्याची

आता पुन्हा शिक्क्याकडे वळू. ७०१ साली जपानात मोठा कायदा झाला. त्यात सरकारी शिक्के ठरवून दिले. सम्राटाचा शिक्का तर जवळपास नऊ सेंटिमीटर चौरस. आणि तो कुठे मारायचा? नुसता तळाशी नाही. त्या काळच्या सरकारी कागदांवर लिहिलेल्या मजकुरावरच लाल ठसे ओळीने उमटवलेले दिसतात, म्हणजे कुणाला मधे आकडा घुसडता येऊ नये. आपल्याकडे शिवकाळात पत्राच्या डोक्यावर शिक्का आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब करत, तेही याचसाठी. मोर्तबाखाली कुणी काही वाढवलं तर ते खोटं. आपला ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द तिथलाच.

पुढे काही शतकं जपानात शिक्का मागे पडला आणि सही पुढे आली. नावाच्या अक्षरांची फुलासारखी नक्षी करायची, तिला ‘काओ’ म्हणत, म्हणजे ‘फुलाची सही’. जपानचे मंत्री मंत्रिमंडळाच्या ठरावावर आजही अशी सही करतात.

पंधराव्या-सोळाव्या शतकात देशभर सरदारांच्या लढाया पेटल्या आणि शिक्का पुन्हा वर आला. रोज ढिगाने हुकूम काढायचे तर फुलाची सही करत कोण बसणार? ओदावारा इथल्या होजो घराण्याने वाघाचं चित्र असलेला मोठा शिक्का केला. १५१८ साली त्यांनी गावांना कळवलं, की हुकमावर वाघाचा शिक्का नसेल तर तो पाळू नका, मग त्यावर आमच्या कारभाऱ्याची सही का असेना. विचार करा, याचा गावाला केवढा आधार! मधला अधिकारी येऊन वेठबिगार मागायला लागला, तर गाव म्हणू शकत होतं, ‘वाघ दाखवा.’

त्याच काळात एक बाई शिक्क्यावर राज्य करत होती. आजच्या शिझुओका भागात इमागावा घराणं होतं. १५२६ मध्ये घरचा कर्ता गेला आणि मुलगा तेव्हा लहान होता. त्याची आई, जुकेइनी, विधवा होऊन तिने केस उतरवले होते. पण कारभार तिने हातात घेतला आणि स्वतःच्या शिक्क्याने हुकूम काढले. तिच्या शिक्क्यावर एकच अक्षर होतं. त्याचा अर्थ, ‘लग्न होऊन सासरी जाणं’. सासरी आलेल्या बाईचा शिक्का, आणि त्यावर सासरचा मुलूख चालतोय!

साडेतीन ओळींचा कागद

सतराव्या शतकापासून शांतता आली आणि शिक्का सामान्य शेतकऱ्या-दुकानदारापर्यंत पोचला. गावचा मुखिया गावातल्या शिक्क्यांचे ठसे एका वहीत घेऊन ठेवायचा, म्हणजे खरा-खोटा ताडून बघता येई. पण बहुतेक घरांत शिक्का एकच असे, घरच्या कर्त्याचा. ज्यांच्याकडे शिक्का नव्हता ते अंगठ्याच्या नखाची कड शाईत बुडवून उमटवत. आपल्याकडे जुन्या महजरांवर पाटील नांगराची निशाणी काढत, त्यातलाच हा प्रकार.

या काळातला एक कागद बायकांच्या जिवाभावाचा होता. काडीमोडीचा. तो नवऱ्याने लिहून द्यायचा, साधारण साडेतीन ओळींचा, म्हणून त्याचं नावच ‘साडेतीन ओळी’. लिहिता येत नसेल तर नवऱ्याने तीन उभ्या रेघा आणि एक अर्धी रेघ ओढली तरी चालायचं, असं सांगतात. त्या कागदात बहुधा लिहिलेलं असे, की आता हिने कुणाशीही लग्न केलं तरी माझी हरकत नाही. हा कागद हातात नसताना बाईने दुसरं लग्न केलं तर तिचे केस कापून तिला माहेरी धाडत. कागद न देता दुसरी बायको करणाऱ्या नवऱ्यालाही गावातून हद्दपार करत.

आणि नवरा कागद देतच नसेल तर? कामाकुरा गावात तोकेइजी नावाचा भिक्षुणींचा मठ होता, १२८५ साली एका बाईनेच स्थापलेला. छळाला कंटाळलेली बाई पळत तिथे पोचली, की तिला आसरा मिळे. मठ नवऱ्याला बोलावून समेट नाहीतर कागद घ्यायचा. तरीही नाहीच जमलं, तर दोन वर्षांच्या आसपास मठात राहून ती मोकळी होई. एका कागदावरच्या एका ठशासाठी बायका डोंगर तुडवत गेल्या, ही साधी गोष्ट नाही.

नाव कुणाचं कोरायचं?

पुढे १८७३ साली सरकारने फर्मान काढलं, की महत्त्वाच्या कागदावर नोंदवलेला शिक्का हवाच. १ ऑक्टोबर हा दिवस म्हणून तिथे ‘शिक्क्यांचा दिन’ मानतात. १८७५ साली सगळ्यांना आडनाव लावणं सक्तीचं झालं आणि घरोघरी आडनावाचे शिक्के तयार झाले.

या शिक्क्याला जपानी लोक ‘हान्को’ म्हणतात. साधारण आपल्या बोटाएवढी गोल कांडी. एकाच माणसाकडे तीन तरी असतात. घरी पार्सल आलं, कचेरीत रजेचा अर्ज आहे, तर साधा शिक्का. बँकेसाठी दुसरा. आणि जमीन, घर, गाडी, मोठं कर्ज यांसाठी तिसरा, ‘जित्सुइन’, म्हणजे खरा शिक्का. तो नगरपालिकेत नोंदवावा लागतो. त्याचेही नियम आहेत. वय १५ पूर्ण हवं. एका माणसाला एकच. ठसा ८ मिलिमीटरहून मोठा आणि २५ मिलिमीटरच्या चौकोनात मावणारा हवा. रबराचा चालत नाही, कारण रबर दबतं आणि ठसा बदलतो. कांडी लाकडाची किंवा म्हशीच्या शिंगाचीसुद्धा असते. कारागीर अक्षरं उलटी कोरतो, म्हणजे ठसा सुलटा येतो. अक्षरांचं वळण दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी शिक्क्यांचंच. लाल रंग म्हणजे हिंगूळ, एरंडेल तेल आणि एका वनस्पतीचे तंतू यांचं घट्ट मिश्रण. यामानाशी जिल्ह्यातली गावं या धंद्यावर जगत आली आहेत.

आता बायकांचं ऐका. १८९८ च्या कायद्याने लग्न झालेल्या बाईला कर्ज घ्यायला, जमिनीचा व्यवहार करायला नवऱ्याची परवानगी लागायची. तिचा शिक्का होता, पण एकट्या शिक्क्याला जोर नव्हता. हे थेट १९४७ पर्यंत चाललं. आजही तिथे नवरा-बायकोचं आडनाव कायद्याने एकच असावं लागतं आणि शंभरातल्या जवळपास पंचाण्णव जोडप्यांत आडनाव बदलते ती बायकोच. आडनाव बदललं की आडनावाचा शिक्का फुकट. म्हणून कित्येक घरांत मुलीला शिक्का करून देताना आडनाव कोरतच नाहीत. नुसतं तिचं नाव कोरतात. लग्न होवो, मोडो, ती जाईल तिथे तिचा शिक्का तिचाच राहतो.

थरथर नाही, पण पायही फुटतात

तर ताई, शिक्का थरथरत नाही हे खरं. ८० वर्षांच्या आजीने मारला काय आणि २० वर्षांच्या नातीने मारला काय, ठसा तोच. पण मैत्रिणींनो, यातच मेख आहे. आजीचा शिक्का नातीने मारला, मुलाने मारला, जावयाने मारला, तरीही ठसा तोच!

जपानचा कायदा सांगतो, की कागदावर माणसाची सही किंवा शिक्का असेल, तर तो कागद त्याचाच धरायचा. १९६४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं. ठसा तुमच्या शिक्क्याचा आहे ना, मग तो तुमच्या मर्जीनेच मारला असं आधी धरलं जाईल. ‘मी मारला नाही’ असं म्हणायचं असेल, तर त्या समजाला हादरा देईल असं काही तुम्ही पुढे आणायचं. घरातल्या कपाटातून कुणी गुपचूप शिक्का काढला आणि जामीनदार म्हणून मारला, तर निस्तरायचं तुम्ही. कर्जाला जामीन राहून ठसा मारला आणि घरदार गेलं, अशी दुःखं तिथे इतकी झाली, की २०२० च्या एप्रिलपासून नियम बदलला. धंद्याच्या कर्जाला बाहेरच्या कुणी व्यक्तीने जामीन राहायचं तर नुसता शिक्का चालत नाही. त्या माणसाने सरकारमान्य नोटरीपुढे स्वतः जाऊन, ‘हो, मला समजलंय, मी तयार आहे’ असं सांगावं लागतं. हजार वर्षं शिक्क्यावर भरवसा ठेवलेल्या देशाने शेवटी म्हटलं, माणूस समोर आणा, त्याला विचारा.

त्याच वर्षी करोना आला. घरी बसून काम करा म्हणाले, पण लोक गाडीत बसून कचेरीत जात राहिले. का? कागदावर शिक्का मारायचाय! मग सरकार जागं झालं. सरकारी कामांपैकी सुमारे १५ हजार कामांत शिक्का लागत होता. मोजून ८३ ठेवले आणि बाकीचे काढायचं ठरलं. शिक्के कोरणाऱ्या यामानाशीने जाहीर नाराजीही दाखवली. २०२१ च्या सप्टेंबरपासून लग्नाच्या आणि घटस्फोटाच्या नोंदीलाही शिक्क्याची सक्ती राहिली नाही. आता तिथे दोघं आपापल्या हाताने नाव लिहितात. साडेतीन ओळींच्या कागदापासून इथपर्यंत!

मग आपण काय करायचं?

सही थरथरते, पण दुसऱ्याला सहजासहजी जमत नाही. शिक्का थरथरत नाही, पण त्याला पाय फुटतात. जगाने दोन्ही करून पाहिलं. शेवटी राखायची असते ती एकच गोष्ट, आपल्या नावाने जे होतंय ते आपल्याला माहीत असणं.

म्हणून ताई, पहिली गोष्ट. वयाने सही बदलली तर त्यात लाज नाही. बँकेत अर्ज देऊन नमुना सही नव्याने नोंदवता येते. फोटो, आधार कार्ड, पासबुक घेऊन जा आणि आता जशी जमते तशी सही नव्याने द्या. दुसरी गोष्ट, हात अगदीच चालेना, तर अंगठा कमी दर्जाचा नाही. लिहू न शकणाऱ्याची खूण ही सहीच धरावी, असं आपल्या देशाच्या १८९७ च्या कायद्यात आहे.

आणि बाकी सगळ्यांसाठी. येत्या बैठकीत एवढं विचारा. आपल्या गटाचा रबरी शिक्का कुणाच्या घरी असतो? तो कुठल्या कागदावर उठला, याची वहीत नोंद होते का? कोऱ्या स्लिपवर, कोऱ्या ठरावावर आपण आधीच सह्या करून ठेवल्यात का? ‘वेळ वाचतो’ म्हणून असं बऱ्याच गटांत चालतं, हे आम्हालाही ठाऊक आहे. आमच्याही गटात चालायचं. आता तशा स्लिपा सापडल्या, तर सगळ्यांसमोर फाडून टाका. आणि मजकूर मोठ्याने वाचून झाल्याशिवाय सही नाही, अंगठा नाही, शिक्का नाही.

शिका बेटावरच्या त्या शेतकऱ्याला सापडलेला शिक्का सोन्याचा होता, पण राजाचा होता. आपली सही वाकडीतिकडी असेल, पण आपली आहे. ताई, पुढच्या वेळी खिडकीपाशी जाल तेव्हा पेन टेका, श्वास घ्या आणि सावकाश लिहा. रांग थांबेल.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार!